भविष्यअण्णांची स्पर्धा

उद्या नाश्त्याला काय आहे हे भविष्यअण्णांना कधी ठाऊक नसे. पण पाचशे वर्षांनी माणूस काय खाईल याची त्यांना भारी काळजी. जे. पी. नगरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या विद्यार्थी निबंध स्पर्धेला ते दरवर्षी एकच विषय देत, 'पाचशे वर्षांनंतरचे जीवन'. विषय बदला म्हटलं की म्हणत, "सरी, ठीक, बदलू. आधी ह्याचं उत्तर येऊ दे."

अण्णांचं घराणं इथं कन्नड मुलखात येऊन तीन-साडेतीन शतकं झालेली. तरी पुण्याहून नोकरीसाठी आलेले नवे सभासद त्यांना पहिल्या भेटीत विचारत, मूळचे कुठले? "इथलेच. स्वल्प वेळ झाला येऊन," अण्णा सांगत. त्यांच्या कन्नडमिश्रित मराठीचं मंडळी तोंडावर कौतुक करत आणि पाठ वळली की हसत. हसणाऱ्यांच्या घरात मुलांशी इंग्रजीच चाले.

निबंध घरून लिहून येत. पाचवीतल्या मुलाच्या भविष्यात पाण्याचा टँकर वेळेवर येई, सोसायटीत पार्किंग मिळे आणि मुलं आईवडिलांना विचारून लग्न करत. अण्णा चष्मा वर सरकवून म्हणत, "चांगलं आहे. पण कोण लिवलं?" मूल आईकडे बघे.

एका वर्षी अण्णा हट्टालाच पेटले. मुलांनी सभागृहात बसून लिहायचं, पालकांनी खाली उपमा-कॉफी घ्यायची. अध्यक्षांनी बजावलं, जमलं नाही तर पुढच्या वर्षी निबंध बंद, चित्रकला सुरू. त्या दिवशी अण्णा दारात उभे राहून एकेका आईचा हात मुलाच्या खांद्यावरून सोडवत होते. "अक्का, स्वल्प खाली बसा."

चार पानांचे निबंध चार ओळींवर आले. काहींनी नुसतं रॉकेट काढलं. अध्यक्षांना चित्रकला दिसू लागली. अण्णा मात्र चौथीतल्या गौरीचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. बक्षीस समारंभात तो त्यांनी स्वतःच वाचून दाखवला:

"पाचशे वर्षांनी सगळ्यांकडे रोबो असेल. तो छान मराठी बोलेल. आई त्याच्याशी मराठीत बोलेल आणि माझ्याशी इंग्लिशमध्ये. मला रोबोचा राग येईल."

गौरीची आई अण्णांच्या मराठीत चुका काढण्यात सगळ्यांच्या पुढे असे. ती मान खाली घालून बसली होती. समारंभ संपल्यावर तिने लेकीला जवळ घेतलं आणि विचारलं, "भूक लागली का गं?"

अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "सरी. आता बक्षीस मिळालं तिला." त्यानंतर चित्रकलेचं नाव कुणी काढलं नाही.

यंदा अण्णा नाहीत. ती संधी साधून कार्यकारिणीने निबंध पुन्हा घरून मागवले. आले तेही बिनचूक, मोबाइलकडून लिहून घेतलेले, जुळ्या भावंडांसारखे. यंदा दर्जा फार उंचावला, असं अध्यक्ष म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला अण्णांची फार आठवण आली.

तेवढ्यात गौरीची आई उठली. ती आता कार्यकारिणीवर आहे. तिने निबंधांचा गठ्ठा अध्यक्षांपुढे सरकवला आणि शांतपणे म्हणाली, "चांगलं आहे. पण कोण लिवलं?"