थंडोबांची पेटी लष्करात जाते

गल्लीत त्यांना सगळे थंडोबा म्हणत. आईस्क्रीमच्या हातगाड्यांसाठी बिनविजेच्या शीतपेट्या बनवायचे, म्हणून थंडोबा. डोकं म्हणाल तर कायम चुलीवर. पुढे हातगाड्यांवर बॅटरीचे फ्रीज आले आणि पेट्यांना कुत्रं विचारेना. शेडला टाळं लागायची वेळ आली.

मेहुणा टपूनच होता. त्याला त्या शेडमध्ये गाड्या धुण्याचं केंद्र काढायचं होतं. पठ्ठ्याने लांबलचक पाइप आणून कोपऱ्यात ठेवूनही दिला.

"भावजी, तुम्ही फक्त हो म्हणा."

"त्या पाइपाने आधी तुझं तोंड धू!"

एके दिवशी मटार सोलता सोलता बायको मोबाइलवरून वाचू लागली. "अहो, ऐका. लष्कराने आपली अडचण जाहीर केलीय. डोंगरातल्या चौक्यांवर गोठवलेली औषधं पोचवायचीत, वाटेत वीज नाही. उपाय कुणीही सुचवावा, लहान कारखान्यांनीसुद्धा."

"लष्कर काय माझी वाट बघत बसलंय?"

"पेटीची बघतंय. तुमच्याकडे बघायला मी एकटी पुरे."

झालं, थंडोबा पेटले. पाठीवर घेता येईल अशी पेटी त्यांनी नव्याने बांधली. भिंतीत मधाच्या पोळ्यासारखी हलकी जाळी भरली आणि तिच्यातली हवा खेचून काढली. अर्ज मात्र बायकोने लिहिला, कारण थंडोबांच्या मसुद्यात पेटीपेक्षा बॅटरीवाल्यांनाच जास्त जागा मिळाली होती, आणि ती छापण्याजोगी नव्हती. पहिल्या छाननीत अर्ज टिकला. निरोप आला, नमुना आधी पाठवा, मग चाचणीला या.

शेडचा एक रिवाज होता. पेटीत आईस्क्रीम मुक्कामाला ठेवायचं, ते घट्ट राहिलं तरच पेटी पास, आणि मग घरच्यांनी त्याच्यावर ताव मारायचा. याही पेटीत बायकोने आईस्क्रीम भरलं. थंडोबांनी पट्टे आवळले, वर सील ठोकलं आणि पेटी मालमोटारीने रवाना केली. जेवणं झाल्यावर मेहुणा वाटी पुढे करून म्हणाला, "ताई, आईस्क्रीम काढ की."

बायकोने थंडोबांकडे पाहिलं. थंडोबांनी बायकोकडे.

"तुम्ही काढलं नाहीत?"

"मला वाटलं, तू काढलंस!"

मेहुणा पोट धरून हसला. त्याचा पाइप आता हातभर पुढे सरकला होता ना! त्यात मालमोटार घाटात अडकली आणि पेटी भलतीच उशिरा पोचली. थंडोबा चाचणीला निघाले ते पडेल चेहऱ्याने.

मैदानात एकाहून एक पेट्या मांडलेल्या. काहींवर तापमान दाखवणारे पडदे, काही तर बॅटरीच्या जोरावर चिमणीसारख्या चिवचिवत होत्या. परीक्षक मॅडम गणवेशात, चेहरा इस्त्रीचा. त्यांनी थंडोबांच्या पेटीचं सील तोडलं, झाकण उघडलं आणि क्षणभर आत पाहतच राहिल्या.

"हे काय आहे?"

"व्हॅनिला," थंडोबा पुटपुटले.

मॅडमनी पेनाचं टोक टेकवलं. घुसेना. जोर लावला, तरी घुसेना.

"भरलं कधी?"

थंडोबांनी सगळं सांगून टाकलं, रिवाजापासून मेहुण्याच्या वाटीपर्यंत. मागचे जवान खोकल्याच्या आडून हसत होते.

"ही आमची चाचणी नव्हे," मॅडम म्हणाल्या. "पेटी रिकामी करा. आता आमची."

पेटी कशी रिकामी झाली हे जवानांना विचारा. मग त्यांनी गोठवलेली नकली औषधं भरली, पेटी उन्हात ठेवली, खेचरावर लादली, कड्यावरून ढकलली. चिवचिवणाऱ्या पेट्या एकेक करून गप्प झाल्या. थंडोबांची उघडली, तर आत सगळं दगडासारखं घट्ट! मॅडमच्या चेहऱ्याची इस्त्री तेवढी मोडली.

"पहिली खेप बांधायला घ्या. आणि तो तुमचा रिवाज मोडू नका."

आता शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. प्रत्येक पेटीत आईस्क्रीम मुक्काम करतं, उतरतं आणि मागे चिकट पेटी ठेवून जातं. ती धुवायला माणूस लागतोच. मेहुणा सकाळपासून तोच पाइप घेऊन उभा असतो.

"भावजी, पुढची!" तो ओरडतो, आणि थंडोबा अगदी थंडपणे पेटी पुढे सरकवतात.