चढावर दम सोडणारी गाडी

गाडी बिघडली की तिचा मालक माझ्याकडे येईपर्यंत अर्धा डॉक्टर झालेला असतो. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने त्याला एकेक आजार सांगितलेला असतो. टर्बो गेला, पंप गेला, डिझेलमध्ये पाणी आलं. मी सगळं ऐकून घेतो, कारण नाही ऐकलं तर माणसाला राग येतो. मग म्हणतो, बोनेट उघडा आणि जरा वेळ गप्प बसा. माझ्या या बोलण्याने बरीच गिऱ्हाइकं दुखावली आहेत. पण तीच परत येतात, कारण जव्हारपासून मोखाड्याच्या पुढपर्यंत सेन्सरचं काम माझ्याइतकं कुणाला येत नाही. हे सांगायला मला लाज वाटत नाही. भिवंडीला आणि ठाण्याला कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या गॅरेजात हात काळे केले तेव्हा कुठे ते अंगात मुरलं.

जव्हारच्या बाहेर मोखाड्याच्या रस्त्याला माझं पत्र्याचं गॅरेज आहे. एका हिवाळ्यात, भाताची मळणी उरकत आली होती तेव्हा, खोडाळ्याकडचा एक ड्रायव्हर त्याची डिझेलची गाडी घेऊन आला. चाळिशीचा असेल. खोडाळा ते जव्हार सीट भरून तो गाडी चालवायचा. बरोबर बायको होती. गाडी दुरुस्तीला आणताना कुणी बायकोला आणत नाही, म्हणून ते माझ्या लगेच लक्षात आलं. ती उतरली आणि हातातली फडक्याची पुरचुंडी मांडीवर घेऊन भिंतीकडच्या बाकावर बसली.

"काय होतंय?" मी विचारलं.

"सपाटीला चांगली पळते, भाऊ. चढाला लागली का दम सोडते. धूर नाय, आवाज नाय, नुसती मरगळते. घाटात माणसं उतरवाय लागतात. ती चालत वर येतात नि मी रिकामी गाडी घेऊन त्यांची वाट बघतो."

"मग माणसं काय म्हणतात?"

"काय म्हणतील. आता दुसऱ्या गाडीत बसतात."

नाशिकला दोनदा दाखवून झालं होतं. दोन्ही वेळा त्यांनी हवेचा सेन्सर बदलून दिला होता. नवा सेन्सर टाकला की काही दिवस गाडी एकदम कडक, आणि मग पुन्हा तीच गत. दुसऱ्या वेळी त्याला सांगितलं गेलं की इंजिनच थकलंय, विकून टाका.

इथे माझं डोकं फिरलं. एकच पार्ट दोनदा मरतो तेव्हा त्याला मारतंय कोण, हे शोधायला नको? ताप आला की गोळी द्यायची, पुन्हा आला की पुन्हा गोळी, हा काय धंदा झाला? मी हे सगळं त्या ड्रायव्हरलाच ऐकवलं. बिचाऱ्याचा त्यात काहीच दोष नव्हता, पण नाशिकवाला समोर नव्हता आणि हा होता.

माझं ओरडणं संपल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तुमी बघा. नाय झाली तर विकतो. सोमवारी ठाण्याला हजर होतो म्हणून सांगितलंय."

त्याचा बाप याच रस्त्याला जुनी जीप चालवायचा. बाप गेला, जीप भंगारात गेली आणि हा ठाण्याला एका शेठची गाडी चालवायला लागला. शिमग्याला आणि दिवाळीला घरी. बाकी वर्षभर घरात नुसती बायको, पोरं आणि म्हातारी आई. मग ही गाडी घेतली तेव्हा कुठे तो रोज संध्याकाळी घरी यायला लागला. आता गाडी विकली तर पुन्हा शेठची गाडी, पुन्हा शिमगा आणि दिवाळी. हे सगळं त्याने दोन-चार वाक्यांत सांगितलं. बायको बाकावरून एवढंच म्हणाली, "नीट बघा हां, भाऊ." तेव्हा ती बरोबर का आली होती ते मला कळलं.

कामाला लागलो. इंजिनाला डिझेल किती द्यायचं हे आत हवा किती गेली त्यावर ठरतं. ती हवा मोजायला एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत एक सेन्सर असतो. त्यात एक अगदी नाजूक तार विजेवर सतत गरम ठेवलेली असते. वरून हवा गेली की ती निवते आणि किती निवली त्यावरून गाडीतला कॉम्प्युटर हवेचा अंदाज बांधतो. फुंकर मारून चहा निववतो, तेवढीच अक्कल आहे त्यात. पण तारेवर कसला थर बसला तर ती नीट निवत नाही. हवा भरपूर येते आणि सेन्सर सांगतो थोडीच आली. मग कॉम्प्युटर डिझेल आखडतो. सपाटीला ते खपून जातं. चढाला नाही खपत.

स्कॅनर लावला. ॲक्सिलरेटर दाबला तरी हवेचा आकडा वर चढेना. आकडा कमी दिसला म्हणून सेन्सरला लगेच फाशी द्यायची नसते. नळी फुटली असेल, वायर तुटली असेल, तरी असंच दिसतं. नळ्या बोटांनी चाचपल्या, क्लिपा बघितल्या, वायरींवर बॅटरी मारून उंदरांनी काही कुरतडलंय का ते पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. मग माझी आवडती परीक्षा घेतली. सेन्सरचा सॉकेट काढून टाकला आणि त्याला म्हणालो, चला, पुढच्या चढावर नेऊ.

"सॉकेट काढून?"

"काढूनच."

सेन्सर गप्प झाला की कॉम्प्युटर त्याच्यावाचून ठरलेल्या मापाने काम चालवतो. खोटं बोलणाऱ्याला बाहेर बसवलं की घरातली भांडणं मिटावीत तशी गाडी सुधारली. पुरती नाही, पण चढ बऱ्यापैकी चढली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "इंजिन थकलेलं नाही. तुमचं इंजिन ठणठणीत आहे." हे वाक्य बोलताना मला फार बरं वाटलं, आणि ते मी मुद्दाम मोठ्याने, परत आल्यावर बाकाजवळ उभं राहून पुन्हा बोललो.

सेन्सर काढून उजेडात धरला. इकडच्या रस्त्यांची लाल धूळ मी वर्षानुवर्षं सेन्सरवरून धुतो आहे. ती कोरडी असते, स्प्रे मारला की पळते. टर्बोकडून इंजिनाचं ऑइल मागे आलं तर काळं असतं. इथे तारेवर पिवळा, चिकट थर होता. स्प्रे मारला तरी हटायला तयार नाही. फिल्टरचा डबा उघडला. फिल्टरचा कागद काळपट आणि चिकट, पण डबा इतका स्वच्छ की आत जेवून घ्यावं. या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा डबा असा नसतो. कुणीतरी तो पुसत होतं.

तेवढ्यात जेवायची वेळ झाली. तिने पुरचुंडी सोडली. नागलीच्या भाकरी होत्या आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी. "घ्या भाऊ, आमच्याबरोबर," म्हणाली. मी साबणाने हात धुऊन बसलो. पहिला घास तोंडाशी नेला आणि थांबलो. हाच वास मी आत्ता कुठेतरी घेतला होता. भाकरी ठेवली, उठलो आणि फिल्टर नाकाला लावला. दोघंही माझ्याकडे बघत राहिली. माझ्या घरीही खुरासणी पेरतात. आश्विनात आमचा उतार पिवळा होतो आणि वर्षभर फोडणीला तेच तेल असतं. तो वास ओळखायला मी चुकणार नाही.

"वहिनी," मी विचारलं, "गाडीला खुरासणीचं तेल लावता का?"

तिचा चेहरा खुलला. सकाळपासून पहिल्यांदाच कुणी तिच्या कामाचं विचारत होतं. "लावते ना. दर रविवारी. फिल्टर काढायचा, झटकायचा, डबा पुसायचा नि बोळ्यानं तेल लावायचं. आमचं मामा, यांचं वडील, जीपला तसंच करायचं. तेलाला धूळ चिकटते नि आत नाय जात."

"तिच्याबिगर फिल्टरला कोण हात नाय लावत," नवरा कौतुकाने म्हणाला.

"आणि खुरासणीचंच का?"

"दुकानातलं तेल कसलं असतं काय म्हाईत. हे घरचं हाय, घाण्यावरनं काढलेलं."

सासऱ्याचं काही चुकलेलं नव्हतं. त्या जुन्या जीपला कागदाचा फिल्टर नसायचाच. खाली तेलाची वाटी असायची, हवा त्या तेलावरून जायची आणि धूळ तिथेच बसायची. ड्रायव्हरच्या घरात वाढलेल्या कुणालाही वाटेल की गाडीच्या नाकात तेल हवंच. पण या गाडीत फिल्टरच्या पुढे ती गरम तार बसलेली होती. तेलाचा बारीक अंश हवेबरोबर ओढला जायचा आणि तारेवर जाऊन तापायचा. तळणीच्या कढईच्या काठाला पिवळं चिकट बसतं ना, ज्याला राख लावून घासलं तरी निघत नाही, तेच तिथे बसत होतं. नवा सेन्सर टाकला की पुढच्या रविवारपासून पुन्हा सुरुवात. नाशिकला हे या नवरा-बायकोने सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलंच नव्हतं. बिघाड सांगतात लोक. काळजी घेतो हे कोण सांगतं?

एरवी असली चूक सापडली की मी मालकाची यथेच्छ हजेरी घेतो, आजूबाजूच्या लोकांनाही बोलावून दाखवतो. पण ती बाई माझ्याकडे बघून हसत होती. धुळीमुळे झालं म्हणून मोकळं व्हावं, असं क्षणभर मनात आलं. मग ती घरी जाऊन आणखी तेल लावणार आणि पुढच्या महिन्यात नवरा ठाण्याला. खोटं बोलून तिचंच नुकसान झालं असतं. म्हणून शक्य तितक्या हळू आवाजात सगळं सांगितलं. जीपची वाटी, ही तार, ते तेल.

तिचं हसू हळूहळू गेलं. हातातला भाकरीचा तुकडा तिने खाली ठेवला.

"मंग मीच यांना ठाण्याला धाडीत होती?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मीच म्हणालो, "तेल धाडत होतं, वहिनी." हे काही फार मोठं सांत्वन नव्हतं, मला ठाऊक आहे. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं आणि मी पुन्हा कामाकडे वळलो.

सेन्सर पुन्हा स्प्रेने भिजवला, मुरू दिला, पुन्हा मारला. त्या तारेला बोट लावायचं नाही, कापूस लावायचा नाही, घाई करायची नाही. थर सुटायला बराच वेळ लागला, पण सुटला. डबा आणि नळी तेल जाईपर्यंत पुसून काढली. नवा कोरा फिल्टर आणला आणि सवयीने तिच्यापुढे धरला, बसवता का म्हणून. तिने दोन्ही हात पदराआड घेतले. "मी नाय आता हात लावत," म्हणाली. मीच बसवला.

घाटाशिवाय खात्री होत नाही. रस्त्यात उभी असलेली माणसं आम्ही फुकट बसवून घेतली, मागची सीट दाबून भरली. त्याची बायको पुढे आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. चढ सुरू झाला. जिथे तो एरवी माणसं उतरवायचा तिथे त्याचा पाय सवयीने ब्रेककडे गेला. मी म्हणालो, "दाबा." त्याने ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने गियर न बदलता वळण घेतलं आणि ओढत राहिली. मागे कुणीतरी बाजारातल्या भावांवर बोलत होतं, त्याचं बोलणंही थांबलं नाही. मला तर शिट्टी वाजवावीशी वाटत होती.

माथ्यावर त्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि फोन लावला. काच खाली होती, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"नाय शेठ, सोमवारी नाय येत. नाय, आता नायच... गाडी बरी झाली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. त्याने एकदा गाडीकडे पाहिलं. "काय नाय झालं होतं तिला. घरात जीव लावणारं माणूस हाय, म्हणून तर येवढे दिवस टिकली."

ती समोर रस्त्याकडे बघत बसली होती. पदराने तोंड पुसलं, मग डोळे. मी मुद्दाम माझ्या बाजूच्या खिडकीबाहेर पाहत राहिलो. तो येऊन दार उघडण्याआधी तिने मला हळूच विचारलं, "मंग भाऊ, रविवारी नुसता झटकायचा ना? कोरडा?"