नाण्याचं पाणी, टोकनचं पाणी

आमच्या मंगरूळपीरात दहाचं नाणं चालत नाही. कोणी बंद केलं, का बंद केलं, असं विचारायला जाऊ नका. भाजीवाली घेत नाही, किराणावाला घेत नाही, चहावाला तर नाणं असं परत ढकलतो की जणू आपणच घरी पाडून आणलं असावं. मी पंचायत समितीत नोकरी करते, म्हणजे सरकारचीच. माझ्याकडूनही घेत नाहीत.

ते नाणं चालायचं दोनच ठिकाणी. एक माझ्या मायजवळ आणि दुसरं कारंजा रोडवर, जिथं आपली गाडी आपणच धुवायची अशी जागा निघाली होती तिथं. स्पेअर पार्टच्या दुकानदाराचा मोठा मुलगा हैदराबादला असलं काही पाहून आला आणि त्यानं पत्र्याच्या तीन खोपटी ठोकल्या. प्रत्येकीत लांब नळीची एक पाण्याची बंदूक आणि मागच्या भिंतीला एक लोखंडी डबा. डब्याच्या फटीत दहाचं नाणं टाकलं की मिनिटभर जोरात पाणी. मिनिट सरलं की पाणी बंद. पुन्हा नाणं टाका.

नाण्यावर गाडी धुवायची तर माणसं दोन लागायची. एकानं बंदूक धरायची, दुसऱ्यानं डब्याशी उभं राहायचं. एकट्यानं करायला गेलं तर बंदूक ठेवून, हात पुसून, डब्यापर्यंत जाऊन येईस्तोवर आमच्याकडच्या उन्हात फेस वाळून गाडीला चिकटायचा. म्हणून दर रविवारी माय माझ्यासोबत यायची. गल्लीतली सगळी बिनकामाची नाणी ती नोटा देऊन गोळा करायची आणि पावडरच्या जुन्या डबीत ठेवायची.

"टाकू काय वं?" पाणी थांबलं की ती विचारणार.

पाणी थांबलेलं दिसत होतं. त्यात विचारण्यासारखं काय होतं? मी चिडायचे. "माय, मनानंच टाकत जाय ना!"

"मी कायले टाकू मनानं? बंदूक तुह्या हातात हाय."

आणि मी "टाक" म्हणेपर्यंत नाणं बोटांत धरून ती उभी. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात मजुरी केलेली बाई. आपल्या बोटानं यंत्र चालू होतं याचं तिला फार अप्रूप होतं, आणि मला तिची घाई नसणं सहन होत नसे. चाकांच्या कोनाड्यात काळी माती घट्ट बसलेली असायची, मी वाकून वाकून वैतागलेली असायचे आणि मागून पुन्हा तेच, टाकू काय वं.

मग लोकांनी डब्यात नाण्याऐवजी नटबोल्टाचे लोखंडी वायसर टाकायला सुरुवात केली. मालक चिडला आणि त्यानं पितळी टोकनं काढली. त्याच्या हातून टोकन घ्यायचं, एकदा टाकायचं, की सबंध गाडी धुऊन होईल इतकं पाणी सलग येणार. मध्ये थांबणं नाही, डब्याशी कोणी उभं राहणं नाही. शेवटच्या खोपटीतला नाण्याचा डबा तेवढा त्यानं तसाच ठेवला. "अम्मा के लिए रखा है," असं तो मायला म्हणायचा. खरं तर तिसरा नवा डबा घ्यायला त्याच्याकडे पैसे उरले नव्हते, पण मायनं ते खरं मानलं आणि आम्ही त्याच खोपटीत जात राहिलो.

दिवाळीनंतर एका सकाळी मायच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरनं तपासलं आणि ताबडतोब अकोल्याला न्या म्हणाला. दादा, माझा मोठा भाऊ, कामासाठी वाशीमला गेला होता. शेजारीण येते म्हणाली, कपडे बदलून येते, पण मी थांबले नाही. मायला मागच्या सीटवर आडवं केलं, डोक्याखाली चादरीची घडी दिली आणि गाडी काढली. रस्ताभर मी बोलत होते. आलंच आता, माय. तो ट्रक पुढं जाऊ दे. आलंच अकोला.

दवाखान्यात डॉक्टरनं गाडीतच नाडी पाहिली. "रस्त्यातच गेल्या," तो म्हणाला. "बराच वेळ झाला असेल."

रस्त्यातच. पण कुठं? तो शब्द माझ्या डोक्यात असा रुतला की अंत्यविधी झाला, माणसं आली, गेली, बुद्धवंदना झाली, तरी मी मनातल्या मनात त्याच रस्त्यावर होते.

मायला पोचवून मी गाडी घेऊन घरी आले, तेव्हा दादानं फाटक उघडलं नाही. "गाडी धुतल्याबिगर अंगनात आनू नको," तो म्हणाला. आमच्या आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला तेव्हाच असली सगळी ओझी टाकून दिली होती. मयत नेलेली गाडी धुवायचं हे एक कुठं चिकटून राहिलं होतं कोण जाणे. मी वाद घातला नाही. गाडी बाहेर लिंबाखाली लावली.

आणि धुतली नाही. तिच्यावर त्या रस्त्याची धूळ होती. त्या धुळीतच कुठंतरी माझी माय गेली होती. ती धूळ पाण्यानं नाल्यात सोडून द्यायची, हे मला जमेना. तशाच मळक्या गाडीनं मी ऑफिसला जात होते. लोक बोटानं काचेवर नावं लिहायला लागले तेव्हा मी एकाला इतकं बोलले की ऑफिसात कोणी गाडीजवळ फिरकेना.

गाडीत ती होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कुठंही गाडी थांबवून इंजिन बंद केलं, की त्या शांततेत मागून आवाज यायचा. टाकू काय वं? आरशात पाहिलं की रिकामी सीट आणि चादरीची घडी. भीती वाटायची का? वाटायची. पण एखाद दिवशी आवाज आलाच नाही तर, याची जास्त वाटायची. दोनदा मी उगाचच अकोल्याच्या रस्त्यानं हळूहळू गेले. या वळणावर गेली असेल? की त्या शाळेपाशी? रस्ता काही सांगत नव्हता.

शेवटी दादाचा धीर सुटला. "किती दिवस रस्त्यावर ठेवतं तिले? उद्या मीच नेतो. एक टोकन टाकतो, धुऊन आनतो."

एक टोकन टाकतो! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याच दुपारी मी किल्ली उचलली आणि कारंजा रोडला गेले.

मालकाला कळलेलं होतं. त्यानं माझ्या हातावर टोकन ठेवलं, पैसे घेतले नाहीत. मी शेवटच्या खोपटीकडे पाहिलं तसा तो म्हणाला, "ताई, टोकन ले लो. नाण्यावर एकटीले जमनार नाई."

बरोबर होतं त्याचं. मी टोकन परत दिलं आणि गाडी शेवटच्या खोपटीत घातली.

पावडरची डबी गाडीच्या कप्प्यातच होती. गाडीला फेस लावला, पहिलं नाणं टाकलं. छत धुतलं, पुढची काच धुतली. धूळ काळी होऊन पायाशी वाहत आली, मी तिच्याकडे पाहिलं नाही. मागच्या दाराशी आले आणि पाणी थांबलं. माझी पाठ डब्याकडे होती.

"टाक," मी म्हणाले.

काही झालं नाही. बंदुकीच्या तोंडातून थेंब पडत होते. मी तशीच उभी राहिले, आणि मला कळलं की ही शांतता मी आधी ऐकली आहे. अशीच्या अशी. बार्शीटाकळीच्या अलीकडे एक पूल आहे. त्या पुलावर मी पुढं पाहत विचारलं होतं, "माय, काच खाली करू काय?" उत्तर आलं नाही. मला वाटलं, डोळा लागला, बरं झालं. मी काच तशीच राहू दिली.

डोळा लागला नव्हता. साधं नाणं टाकायचं तरी मला विचारणारी माझी माय त्या पुलावर न विचारता निघून गेली होती, आणि मी पुढं अकोल्यापर्यंत तिला सांगत होते, आलंच आता.

मी खोपटीत मोठ्यानं रडले. मालकानं पाहिलं आणि दुकानात जाऊन बसला.

दारावरचा फेस वाळायला लागला होता. हात ओढणीला पुसून मी डब्याशी गेले, नाणं टाकलं, धावत परत आले. पुन्हा थांबलं, पुन्हा गेले. डबी जवळजवळ रिकामी झाली.

दादा फाटकाशीच उभा होता. मागच्या दारावर फेसाचे पांढरे ओघळ वाळून राहिले होते, त्यावर त्यानं हात फिरवला. "फेस राह्यला इथं."

"एकटीच होती ना मी," मी म्हणाले.

त्यानं फाटकाची दोन्ही दारं उघडली आणि गाडी आत येईपर्यंत बाजूला उभा राहिला.

त्या दिवसानंतर गाडीत मागून आवाज आला नाही. इंजिन बंद करून मी पुष्कळ वेळ बसून पाहिलं. टोकनचं पाणी चांगलं आहे, दादा म्हणतो तसं एका दमात काम होतं, पण ते मध्ये थांबत नाही. म्हणून रविवारी मी अजून शेवटच्याच खोपटीत जाते. पाणी थांबलं की "टाक" म्हणते, डब्याकडे पाठ करून थोडा वेळ उभी राहते, आणि मग हात पुसून नाणं टाकायला जाते.