हरळीचं कॉलेज

विमान अमेरिकेतल्या फिनिक्स शहरावर खाली येऊ लागलं तेव्हा खिडकीतून पाहिलं, तर जिकडे तिकडे तांबूस वाळवंट. झाड नाही, नदी नाही, आणि त्या ओसाडीत मध्येच गर्द हिरवे, वेडेवाकडे पट्टे. शेजारच्या बाईंना मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत विचारलं, "ही कसली शेती?" त्या हसून म्हणाल्या, "शेती नाही, गोल्फ." मी सगळं समजल्यासारखी मान डोलावली. मुलांना इतिहास शिकवता शिकवता ती कला अंगात मुरलेलीच होती.

साल १९८६, महिना ऑगस्ट. कराडच्या शाळेतून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि धाकट्या भावाने, दिनकरने, तिकीट पाठवून बोलावलं होतं. दिनू तिथल्या चँडलर गावी चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. बोलावण्यात बहिणीवरची माया होतीच, पण एक कामही होतं. ते गाडीत बसल्या बसल्याच कळलं.

"ताई, मीनलला तू समजाव. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल."

मीनल त्याची एकुलती एक मुलगी, तिकडेच जन्मलेली. इंजिनियरिंगचं एक वर्ष छान मार्कांनी पास झाली आणि आता म्हणत होती, हे सोडते. उत्तरेकडच्या एका राज्यातल्या कॉलेजात जानेवारीपासून गोल्फच्या मैदानाची पदवी घेते.

"म्हणजे गोल्फ खेळणार?"

"खेळणार असती तर परवडलं असतं! मैदान राखणार. गवत वाढवणार. त्याची डिग्री असते इथे, चार वर्षांची. माती, पाणी, कीड, गवताचे रोग."

मी म्हटलं, "गवताला रोग होतात?" दिनूने माझ्याकडे असं पाहिलं, की मीही फितूर झाले की काय.

घरी पोचलो. सुलभावहिनीने गरम वरणभात, वर मेक्सिकन दुकानातल्या टॉर्टियाची 'पोळी' आणि लिंबाचं लोणचं असं जेवण घातलं. हात धुऊन मी मागच्या अंगणात गेले. उन्हं उतरली होती, तरी हवा चुलीपुढे बसल्यासारखी. पायाखाली हिरवळ होती. वाकून पाहिलं, एक काडी उपटली, आणि मला हसू फुटलं ते आवरेना.

"दिनू, अरे ही तर हरळी!"

"बर्म्युडा म्हणतात इथे," तो म्हणाला. तो हसला नाही.

त्याचं बरोबरच होतं. कृष्णाकाठी आमचं जे काही रान होतं, त्यात ऊस कमी आणि हरळी जास्त. नांगरट झाली की आबा, म्हणजे आमचे वडील, आणि आम्ही भावंडं मागून तिच्या काशा (जमिनीतल्या चिवट मुळ्या) वेचायचो. एक कांडी राहिली की पावसाळ्यात पुन्हा सगळं रान हिरवं. आबांची कंबर त्या हरळीनेच मोडली असं आई म्हणायची. ते सगळं मागे टाकायला दिनू सात समुद्र ओलांडून आला, आणि त्याची लेक हरळी वाढवायचं शिकायला कॉलेजात निघाली होती. दैव म्हणतात ते यालाच.

मीनल संध्याकाळी कामावरून आली. उन्हाने रापलेली, पायात चिखलाचे बूट, आणि मला मिठी मारताना सुद्धा नजर माझ्या हातातल्या काडीवर. "आत्या, हे आमच्या लॉनचं? टू मच वॉटर. बाबा रोज पाणी सोडतात."

समजवायला आले होते, तेव्हा आधी पाहावं तरी म्हणून एके दिवशी मी तिच्याबरोबर निघाले. सुट्टीत ती एका गोल्फच्या मैदानावर शिकाऊ म्हणून काम करायची. तिथलं काम उजाडायच्या आत सुरू होतं, कारण खेळणारे आले की माळ्यांनी दिसता कामा नये. मीनल यंत्रावर बसून 'ग्रीन' (म्हणजे ज्या भोकात चेंडू घालायचा, त्याच्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) कापत होती. त्या हिरवळीवर मी चप्पल काढूनच पाय ठेवला. इतकी नीट राखलेली जागा मी देवळाबाहेर प्रथमच पाहत होते. कौतुकाने पाहत उभी राहिले आणि तेवढ्यात जमिनीतून पाण्याचे फवारे उसळले. माझी नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजली. वाळवंटात भिजणारी मी एकटीच असेन.

तिचा वरिष्ठ अर्ल नावाचा उंच म्हातारा होता. त्याला तिथे 'सुपरिंटेंडंट' म्हणतात (मैदानाच्या देखभालीचा मुख्य माणूस). त्याने मला छपरीत नेऊन बसवलं, कॉफी दिली, आणि मी दिलेली शेंगदाण्याची चटणी सँडविचमध्ये भरून डोळ्यांत पाणी येईतो खाल्ली. थंडीत इथली बर्म्युडा पिवळी पडते, तेव्हा ती मुळापर्यंत कापून तिच्यावर दुसऱ्या गवताचं बी पेरतात, असं त्याने सांगितलं. पीक काढायचं नाही आणि पेरणी मात्र दोनदा!

छपरीमागे मीनलने आपला प्रयोग दाखवला. हरळीचे सारखे चौकोन आखलेले, प्रत्येकाला वेगळं पाणी. किती कमी पाण्यात गवत तग धरतं ते पाहायचं. उन्हाळा संपताना प्रत्येक चौकोनातलं गवत कापून, वाळवून, वजन करून अर्लला दाखवायचं. ते नीट झालं तर अर्ल कॉलेजला तिच्यासाठी शब्द टाकणार होता. दिनूनेही घरी तीच अट घातली होती: तो अर्ल म्हणाला की पोरगी कामाची आहे, तरच बोलू. नाहीतर सुट्टी संपताच कॉलेज गाठायचं, इंजिनियरिंगचं. त्याला खात्री होती, अर्ल म्हणणार नाही.

"पण तुला यात काय आवडतं गं?" मी विचारलं.

"आत्या, काल मी काय केलं ते आज सकाळी जमिनीवर दिसतं. चुकलं तरी दिसतं. आय लाइक दॅट."

यावर समजवायचं काय? मी घरी आले. दिनूला म्हटलं, "बोलते आहे हळूहळू."

त्या वर्षी गणेश चतुर्थी रविवारी आली. वहिनीची लगबग चालली होती. नारळाचा कीस पाकिटातला, तांदळाची पिठी चिनी दुकानातली, मोदकांना कळ्या मात्र कराडला शोभतील अशा. अडलं ते दूर्वांपाशी. "गेल्या वर्षी कोथिंबीर वाहिली हो ताई," ती कानात म्हणाली, "आणि आपल्या लॉनवर यांनी तणाचं औषध मारलंय."

मी म्हटलं, काळजी करू नकोस, दूर्वा म्हणजे तरी हरळीच. वाळवंटातली सगळ्यात चांगली हरळी कुठे आहे हे मला ठाऊक होतं.

पहाटे मीनलबरोबर गेले. ती यंत्र घेऊन लांब निघून गेली आणि मी छपरीमागे बसले. भरपूर पाण्याच्या चौकोनांतलं गवत लांबुडकं, लोळणारं. पण कडेच्या एका चौकोनात, आहा! आखूड, टणक, बरोबर तीन पानांच्या दूर्वा. एकवीसच्या जुड्या बांधत गेले. घरचा गणपती, शिवाय येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एकेक जुडी, म्हणून हात सैल सोडला. कापायचंच तर आहे उद्या, चार काड्यांनी काय होतंय, असं मनात आलं आणि गेलं. वहिनी मला घ्यायला आली तेव्हा माझी ओटी भरलेली होती.

दुपारी पूजा झाली. दिनू पितांबर नेसून पाटावर, घरात पंधरा-वीस मराठी माणसं, मोदकांचा वास. दूर्वांनी गणपती झाकून गेला होता आणि बायका माझं कौतुक करत होत्या. आरतीसाठी निरांजन लावलं, तोच मीनल दारात आली. बूट काढायचंही भान नव्हतं.

"माझा प्लॉट कुणी तरी उपटलाय," ती म्हणाली. "सगळ्यात कमी पाण्याचा. द मोस्ट इम्पॉर्टंट वन." मग तिची नजर गणपतीकडे गेली.

मी म्हटलं, "मी तोडल्या गं. मला काय ठाऊक..." पोरीचं भविष्य मी देवाच्या डोक्यावर वाहिलं होतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तेवढं गवत वजनात धरलं नाही, तर त्या प्लॉटला काही अर्थच नाही," एवढं म्हणाली आणि जमिनीकडे पाहत राहिली.

"मग घे ना यातलं परत," मी म्हटलं. वहिनीने पदर तोंडाला लावला. "वाहिलेलं परत घ्यायचं?" मूळचे पुण्याचे देवधरकाका, तिथल्या मराठी मंडळींचे हौशी भटजी, त्यांनी सांगून टाकलं, "उत्तरपूजेपर्यंत हलवता येत नाही. शास्त्र आहे." सगळ्यांनी दिनूकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. त्याला हवं होतं ते आयतंच झालं. गप्प बसला असता तरी पुरलं असतं.

दिनूने गणपतीला नमस्कार केला. मग हात पुढे करून मुकुटावरची पहिली जुडी उचलली. दुसरी उचलली. मांडीवर घेऊन दोरा सोडला, काड्यांवरचं कुंकू पितांबराच्या टोकाने पुसलं.

"ताई, सगळ्या एकाच चौकोनातल्या ना? नक्की?"

"एकाच. कडेच्या."

"लोकांना वाटल्यास का?"

"अजून नाही."

"सुलभा, ओव्हन लाव. अगदी मंद." आणि मीनलला म्हणाला, "बस इथे. मूळ आलं असेल तर नखाने तोड, मूळ वजनात धरू नकोस."

बाप आणि लेक पाटाशेजारी बसून काड्या निवडत होते. दिनूचा हात भराभर चालत होता, लहानपणी बांधावर चालायचा तसा. आरती थांबली होती. शेवटी देवधरकाकाच खाली बसले आणि म्हणाले, "द्या, मीही करतो. इंजिनियर आहे, नीट करीन."

दुसऱ्या दिवशी मीनलने अर्लला सगळं जसंच्या तसं सांगितलं, कुंकवासकट. तो खूप हसला म्हणे. मग गंभीर होऊन म्हणाला, जी मुलगी देवाकडून गवत परत आणून वजन करते, तिच्यासाठी मी कुठेही शब्द टाकीन. त्या दिवशी दिनू पहिल्यांदा मैदानावर गेला. घरी येऊन लॉनचं पाणी कमी केलं.

मी डिसेंबरअखेर निघाले. थंडीने हरळी पिवळी पडली होती आणि मैदानावर दुसऱ्या गवताने हिरवा रंग धरला होता. दारात गाडीत मीनलच्या पेट्या भरलेल्या. विमानतळावर दिनू म्हणाला, "ताई, तुला तिला थांबवायला बोलावलं होतं."

"मला काही ते जमलं नाही बाबा."

"उद्या मीच ड्राइव्ह करून तिला सोडायला जातोय. तीन दिवस लागतील. सुलभाला रजा नाही."

विमान सुटलं आणि मला आबा आठवले. त्यांना रान सोडून जाणारा मुलगा नको होता. दिनूला पुण्याला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ते कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, आणि जायच्या सकाळी मात्र त्याची वळकटी स्वतः एसटीच्या टपावर चढवली. एसटी वळणावर दिसेनाशी झाली तरी आबा स्टँडवर बसून राहिले. बोलेनात, उठेनात. शेवटी मी हाताला धरून त्यांना घरी आणलं. दिनूला हे कधी कळलं नाही, मीही सांगितलं नाही. जाणारी मुलं पुढे बघत असतात. आता लेकीला त्या कॉलेजच्या दारात उतरवून तो रिकामी गाडी मागे वळवील, तेव्हा त्याचं त्यालाच कळेल. बाहेर ढग होते, खालचं काही दिसत नव्हतं, आणि मला रडू आलं. आबांबरोबर त्या दिवशी मी होते. दिनूबरोबर कुणीच नसेल.