येसुराच्या पुडीवरची एक ओळ

मसाल्यावर पत्रक लिहायचं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी संघटनेत वाढलेली पोर. हातात पेन दिलं की मी जाब विचारते. आईने चिक्कडपल्लीच्या आमच्या स्वयंपाकघरातून परदेशात येसूर विकायचं ठरवलं आणि ऑनलाइन मजकूर माझ्या गळ्यात घातला. मी लिहिलं, "आमच्या ताटाला नाक मुरडणाऱ्यांनो, चव घ्या आणि उत्तर द्या!"

आईने वाचलं. "बाई, गिऱ्हाईक बोलावतीस का भांडायला बोलावतीस?"

माझी सगळी गर्जना तिने खोडली. पुडीवर तिची एकच ओळ राहिली: मराठवाड्यातल्या बौद्ध घरचं येसूर. खाली साहित्य. भाजलेली बाजरी, गहू, डाळ, मिरची, खोबरं, धने, सगळं एकत्र दळलेलं. रश्श्यात घातलं की रस्सा दाट होतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. जर्मनीतल्या एका मुलाने विचारलं, पास्त्यावर घालू का? आई म्हणाली, "घाल की. फक्त मला फोटो पाठवू नको."

मग लंडनच्या एक बाई आल्या. एक पुडी मागवून त्यांनी चव घेतली होती. आता मुलीच्या लग्नात पाहुण्यांना वाटायला ढीगभर हव्या होत्या. आई दवाखान्यात नर्स. तिने हक्काची रजा टाकली. मिरच्या भाजल्या तेव्हा शेजारच्या खाला दारात येऊन खोकल्या, "कायकू मारते अम्मा हमकू?" आई हसत होती. इतकी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच आली होती.

पुड्या भरून झाल्या आणि बाईंचा मेसेज आला. "लेबलवरची ती पहिली ओळ तेवढी काढाल का? आमच्याकडे सगळ्या प्रकारचे पाहुणे असतात."

सगळ्या प्रकारचे! म्हणजे एकाच प्रकारचे. मी ताडताड टाइप करायला बसले. समतेपासून सुरुवात केली, दुसऱ्या परिच्छेदात जाहीर निषेध, तिसऱ्यात त्यांच्या पाहुण्यांचीच झडती. आईने फोन हिसकावला आणि बोलूनच मेसेज पाठवला.

"ताई, पुड्या तयार आहेत. ओळ राहणार. चालत नसेल तर नाही म्हणा, आपलं काही भांडण नाही."

"भांडण कसं नाही?" मी ओरडले. "तुला राग येत नाही?"

"येतो की. तिला कशाला देऊ? तिने कुठं मागवलाय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. लग्नाची ऑर्डर रद्द. आई पुड्या पिशव्यांत भरू लागली; दवाखान्यातल्या बायका रोज विचारत होत्या, त्यांना देणार होती. तेवढ्यात त्याच बाईंचा दुसरा मेसेज. "एक पुडी मात्र पाठवा. माझ्यापुरती."

"नक्को! एक चिमूटसुद्धा नक्को," मी म्हणाले. "पाहुण्यांसमोर लाज वाटते, आणि दार लावून रस्सा ओरपणार!"

"ओरपू दे. चांगलं झालंय येसूर."

तिने एक पुडी काढली, लेबल नीट चिकटलंय का बघितलं, मग ती उलटी करून मागच्या बाजूलाही दुसरं लेबल ठोकलं.

"हे कशाला?"

"फळीवर कशीही ठेवू दे," आई म्हणाली, "दिसलं पाहिजे."