टॉस झाल्यावर बदल नाही

संध्याकाळी तळोज्याच्या कारखान्यांकडून केमिकलचा वास आला की आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत मी सुरू केलेल्या, खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून गुण मोजायच्या फँटसी क्रिकेट लीगची पहिली फायनल आठवते. टॉस झाल्यावर कुणीही संघ बदलायचा नाही, हा माझा नियम. त्या दिवशी सामना क्लबहाउसच्या टीव्हीवर पाहायचा होता. टॉसनंतर कळलं, सेक्रेटरींनी निवडलेला कॅप्टन नेमका खेळणारच नव्हता. "वहिनी, एक नाव बदला ना, घरचाच खेळ आहे." "टॉस झालाय, भाऊजी." "मग क्लबहाउसचा टीव्ही विसरा!" क्लबहाउसला कुलूप लावून ते निघून गेले. नवरा पुटपुटला, "टाक ना बदलून, कशाला भांडण?" मी बदललं नाही. लॅपटॉप पार्किंगमध्ये आणला आणि नाकाला रुमाल लावून आम्ही सगळ्यांनी सामना पाहिला. पुढे क्लबहाउस उघडलं. लीग मात्र मी आजही पार्किंगमध्येच भरवते.