पळीभर पाऊस

दिगंबर मास्तरांच्या वर्गात पाटी पुसायला बंदी होती. गणित चुकलं की चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी नवा आकडा. "पुसतोस कशाला रं? चूक कुठं झाली ते दिसाया पायजे," असं ते पोरांना दरडावत. गेवराईच्या त्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा मलाही त्यांनी हेच ऐकवलं.

निजामी अमलातले ते दिवस. तहसिलीच्या आवारात झाडं दाट, म्हणून पाऊस मोजायचं सरकारी नळकांडं मास्तरांच्या अंगणात बसवलं होतं. रोज सकाळी आतली बाटली काढायची, पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि वहीत सेंट लिहायचे. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा हिस्सा. दर आठवड्याला नक्कल तहसिलीत जाई. मास्तरांना या कामाचा भारी डौल. "आभाळ माझ्याकडं हजेरी देतंय, सोपान," असं म्हणून ते मिशीत हसत.

मी गुरं राखणाऱ्या घरचा. थोरल्या भावाची चौदा गुरं होती. रोज सकाळी मी मास्तरांकडे चरवीभर दूध पोचवी. मास्तरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, चरवी कधी रिकामी परत दिली नाही. गुळाचा खडा, मूठभर शेंगा, काही ना काही घालूनच देत.

त्या वर्षी आषाढात मास्तरांचे गुडघे धरले, ते खाटेला खिळले आणि बाटली आणायचं काम काकूंकडे आलं. नेमकी तेव्हाच पावसानं दडी मारली. श्रावण कोरडा ठणठणीत! गुरांसाठी सरकारी कुरण खुलं करा म्हणून आम्ही तहसिलीत खेटे घालत होतो. तिथला कारकून, पेशकार, मास्तरांच्या वहीची नक्कल दाखवून हुसकून लावी. "रोज पाऊस होतोय. कुरण बंदच राहील."

भावाची तिसरी गाय बसली ती उठलीच नाही, त्या सकाळी माझं डोकं फिरलं. मास्तर वडीलधारे, पण मी दारातूनच ओरडलो, "मास्तर, तुमचा पाऊस कुठं पडतो ते दाखवा! आमची गुरं तिथंच नेतो!"

मास्तरांनी वही ओढली. बोट खाली खाली सरकत गेलं. दोन सेंट, दोन सेंट, दोन सेंट. त्यांचा चेहरा उतरला.

"पोरगं रोज एकच उत्तर आणाया लागलं, की मी त्याचा कान धरतो. आन् हितं मला दिसलं न्हाई? रातची भुरभुर होत असंल, असं समजत गेलो बघ."

त्यांनी काकूंना हाक मारली. "अगं, बाटलीत पाणी तू घालतीस का?"

"मग? सकाळी सकाळी रिकामं भांडं घरात आणू का?" काकू म्हणाल्या. "देवापुढचं पळीभर घालते. रोज एकच पळी, जास्त न्हाई." आपलं काही चुकलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मास्तर माझा खांदा धरून लंगडत तहसिलीत आले. पेशकारानं विचारलं, "गलती कुणाची?"

"माझी. माप वाचताना डोळा चुकला," मास्तर म्हणाले. काकूंचं नाव त्यांनी काढलं नाही. तिथंच बसून बावीस आकड्यांवर लाल रेघा मारल्या, शेजारी बावीस शून्यं लिहिली. हुकूम येऊन कुरण खुलं व्हायला आणखी नऊ दिवस गेले. तोवर भावाची पाचच गुरं उरली. नळकांडं उपटून सरकारी माणसं घेऊन गेली.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? महिनाभर मी मास्तरांशी बोललो नाही. शेवटी शाळेच्या ओट्यावर तेच जवळ आले. "सोपान, आकड्यावर रेघ मारली, शेजारी शून्य लिवलं. तुझ्या भावाच्या गाईंशेजारी काय लिवू, सांग की." त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले.

दोन वर्षांनी मास्तर गेले. इतके दिवस घरचं दूधच आटलं होतं, पोचवणार काय? तेराव्यानंतर, एक गाय नुकतीच व्याली होती, म्हणून चरवी भरून नेली. काकूंनी दूध ओतून घेतलं, चरवी विसळली आणि तशीच माझ्या हातात दिली.

"काकू, गुळाचा खडा तरी घाला," मी म्हणालो.

"नको रे बाबा. रिकाम्या भांड्यात काई घालाया आता हात धजत न्हाई," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या घरातून रिकामी चरवी मी पहिल्यांदाच आणली.